आधी चासीची टोकं तपासा, मग बंपरचं बघा

कोरेगाव तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र: आजोबांनी घेतलेली शेवरोले पिकअप आमच्याकडे आहे. आरसी बुकावर साल 1951 आहे. इंजिनाचं काम झालं, केबिनचं पत्राकाम साताऱ्यात चालू आहे. आता गाडी बंपरवर अडली आहे. पुढचा बंपर दोन्ही टोकांना सडलाय आणि मधे वाकलाय. त्याच्यावर पूर्वी कुणीतरी पाइपचा जाड गार्ड वेल्ड केला होता. मागचा बंपर नाहीच. एकाचा सल्ला, अमेरिकेतून नवा क्रोमचा मागवा. दुसऱ्याचा, एमआयडीसीत स्टेनलेसचा करून घ्या. तिसरा म्हणतो, जुनाच ठोकून क्रोम करा. पत्रेवाले म्हणतात, ब्रॅकेट चासीला वेल्ड करू, मग कुठलाही बंपर बसेल. आणि घरच्यांना मागे चढायला पायरीचा बंपर हवाय. यातलं काय करावं?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

पुढचा जुना बंपर दुरुस्त करा आणि त्याला क्रोम न करता रंग द्या. मागच्या बंपरचं आज काही ठरवू नका, हौदा, म्हणजे मागचा माल भरायचा भाग, चासीवर चढेपर्यंत थांबा. पाइपचा गार्ड परत लावू नका. आणि ब्रॅकेट चासीला वेल्ड करायला कुणालाही परवानगी देऊ नका, हे काम एकदा झालं की मागे फिरता येत नाही.

सुरुवात गाडी नक्की कुठली आहे इथून करा. आरसीवरचं साल नोंदणीचं असतं, गाडी बनल्याचं असेलच असं नाही. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना होता, 1928 ते 1954. तिथे सुटे भाग येत, गाडी जोडली जाई, आणि पुष्कळ गाड्या नुसत्या चासीवर विकल्या जात. हौदा मग गावच्या सुतार-लोहाराकडे बांधला जाई. म्हणून टेप घेऊन पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजा. 116 इंच, म्हणजे 2946 मिलिमीटर भरलं तर ती अर्ध्या टनाचं 3100 मॉडेल. सव्वाशे इंचांच्या किंचित वर, 3181 मिलिमीटर भरलं तर पाऊण टनाची 3600. 137 इंच असेल तर एक टनाची 3800. मग दारं बघा: काचेला पुढे तिकोनी फिरती काच असेल तर गाडी 1951 किंवा त्यानंतरची, दाराच्या मुठीला दाबायचं बटण असेल तर 1952 किंवा त्यानंतरची. पुढची काच मधून जोडलेली दोन तुकड्यांची असेल तर 1953 पर्यंतची, अखंड असेल तर 1954 किंवा पुढची. कॅटलॉगमधला भाग मागवायची वेळ आली तर ही माहिती हाताशी लागते. 1955 मध्ये तर एकाच सालात जुनी आणि नवी अशा दोन वेगळ्या घडणीच्या गाड्या निघाल्या, त्यामुळे नुसतं साल सांगून मागवलेला भाग चुकीचा येऊ शकतो.

आता चासीची पुढची दोन टोकं. बंपर न बसण्याचं कारण बहुतेक वेळा बंपरमध्ये नसतं, या टोकांत असतं. पाइपचा गार्ड वर्षानुवर्षं पुढे लोंबत राहिला, त्याने दोन-चार धक्के खाल्ले, की टोकं खाली झुकतात किंवा आत वळतात. गाडी सपाट कोब्यावर चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उभी करा आणि चासी पातळीत आणा. मधल्या सरळ भागातल्या दोन ठरलेल्या रिव्हेटांवरून आणि दोन्ही टोकांच्या बोल्टच्या भोकांतून ओळंबा सोडा, कोब्यावर खडूने खुणा करा आणि कर्ण मोजा. डाव्या मागच्या खुणेपासून उजव्या टोकापर्यंत आणि त्याच्या उलट. दोन्ही कर्णांत 3 मिलिमीटरपर्यंत फरक असेल तर पुढे जा. 6 किंवा 8 आला तर चासी आधी सरळ करून घ्यावी लागेल. टोकांची जमिनीपासूनची उंचीही दोन्हीकडे मोजा. एक टोक 5 मिलिमीटर खाली असेल तर सहा फुटांच्या बंपरवर तो तिरपेपणा रस्त्याच्या पलीकडून दिसतो, आणि मग लोक बंपरच्या भोकांना कानस लावत बसतात.

टोकांजवळची प्रत्येक रिव्हेट लहान हातोडीने ठोका, दुसऱ्या बाजूला बोट ठेवून. बोटाला हलल्यासारखं जाणवलं किंवा रिव्हेटीभोवती तांबूस भुकटी दिसली तर ती सैल आहे. वायर ब्रशने घासून भोकांच्या कडेला केसासारखी तडा आहे का बघा. घासलेल्या जागी रॉकेल लावा, पुसून काढा आणि वर खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल पुडीत ओली रेघ उठवतं.

वेल्डिंगला आमचा इतका विरोध का, तेही सांगतो. चासीच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवर सगळ्यात जास्त ताण येतो. तिथे आडवं वेल्ड मारलं की त्याच्या कडेची पट्टी कडक होते, आणि गाडी खड्ड्यातून गेली की तडा बरोबर त्या कडेपासून सुरू होते. पसरणी घाटासारख्या चढ-वळणांवर चासी सतत पिळली जाते, तिथे हे लवकर दिसतं. ब्रॅकेट कारखान्याच्या मूळ भोकांतूनच, चासीच्या उभ्या भिंतीला बोल्टने बसवा. भोक झिजून अंडाकृती झालं असेल तर मागून 5 मिलिमीटरची प्लेट ठेवून बोल्ट मारा. बोल्ट जास्त ताण सोसणारा घ्या, 8.8 छापाचा किंवा इंची असेल तर डोक्यावर तीन रेघा असलेला. हाताशी आलेला बिनछापाचा बोल्ट इथे चालत नाही.

याला कायद्याचीही बाजू आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बार मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 विरुद्ध असल्याचं कळवलं, त्यामुळे तो पाइप गाडीवर नकोच. 2021 मध्ये पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचे नियम आले. त्यांत मूळ चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला नसावा अशी अट आहे. चासीवरचं नवं वेल्ड तपासणाऱ्याच्या लगेच नजरेत येतं. मात्र हे नियम दुचाकी आणि प्रवासी मोटारी समोर ठेवून लिहिलेत. तुमच्या आरसीवर मालवाहू अशी नोंद असेल तर साताऱ्याच्या आरटीओत आधी विचारा, त्या आशेवर खर्च करू नका.

आता जुना बंपर. तो भंगारात टाकू नका. पुढे नवा घ्यायचं ठरलं तरी मापं याच्यावरूनच मिळणार. गार्डचं वेल्ड ग्राइंडरने काढताना मूळ पत्र्याच्या 1 मिलिमीटर वर थांबा आणि उरलेलं फ्लॅप डिस्कने उतरवा. तसं केलं नाही तर ग्राइंडरच्या चाकाचा खोल ओरखडा पडतो आणि तो भरायचं वेगळं काम वाढतं.

गंज काढायला तुमच्या भागात सगळ्यात चांगली वस्तू सहज मिळते: जनावरांच्या खाद्यासाठी विकतात ती उसाची मळी. एक भाग मळी, नऊ भाग पाणी. बंपर पुढून गोलाकार असल्यामुळे 210 सेंटिमीटर लांब, 45 रुंद आणि 25 खोल असा चर खणा आणि आत जाड ताडपत्री घाला. त्यात साधारण 235 लिटर मावतं, म्हणजे 24 लिटर मळी आणि बाकी पाणी. आधी बंपरवरचं ग्रीस आणि रंग काढून टाका, कारण मळी गंज खाते, रंग आणि तेल खात नाही. बंपर पूर्ण बुडला पाहिजे. अर्धवट बुडलेल्या भागावर पाण्याच्या रेषेत खड्डा पडतो. एक ते तीन आठवडे लागतात, थंडीत जास्त. दर चार दिवसांनी बाहेर काढून ब्रश मारा. वर झाकण घाला, गुरं हे पाणी प्यायला येतात. वास येतो, म्हणून चर घरापासून लांब खणा. काढल्यावर पाण्याने धुऊन लगेच वाळवा आणि पातळ तेल पुसा, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस थर येतो. गॅल्व्हनाइज्ड, ॲल्युमिनियमच्या किंवा जस्ताच्या ओतीव वस्तू मात्र या पाण्यात टाकू नका, त्या खाल्ल्या जातात. पत्रेवाले सुचवतील ते मिठाचं आम्ल आम्हाला पसंत नाही. ते दुमडलेल्या कडांत जाऊन बसतं आणि रंग दिल्यावर दोन पावसाळ्यांत आतून बाहेर येतं.

गंज गेल्यावर न सडलेल्या जागी व्हर्नियरने जाडी मोजा. बाजारात पत्रा गेजमध्ये बोलतात आणि गेजच्या पद्धती दोन-तीन आहेत. अमेरिकन 12 गेज म्हणजे 2.66 मिलिमीटर, 14 गेज म्हणजे 1.9. आपल्याकडच्या तारेच्या गेजात 14 म्हणजे 2.03. म्हणून मिलिमीटरच सांगा आणि मिलिमीटरच विचारा.

वजनानेही पारख होते. सहा फूट लांब आणि उलगडून 200 मिलिमीटर रुंद भरणारा बंपर दर मिलिमीटर जाडीला जवळपास 2.9 किलो भरतो. म्हणजे 1.6 मिलिमीटरचा साडेचार किलो, 2.5 चा सात किलोंच्या थोडा वर, 3.15 चा नऊ किलो. नवा बंपर मूळ जाडीचा असल्याचा दावा कुणी केला तर लांबी-रुंदी मोजून तो काट्यावर ठेवा. पातळ बंपर उभ्या गाडीवर छान दिसतो, पण गाडी चालू लागली की थरथरतो आणि बोल्टच्या भोकांभोवती रंग फुटतो.

मधला वाक थंड अवस्थेतच काढा. गॅसने लाल करून ठोकला तर पत्रा ताणला जातो आणि मूळ गोलाई परत मिळत नाही. बंपरच्या चांगल्या भागावरून 12 मिलिमीटर प्लायवुडचा साचा कापा. मध्यापासून टोकापर्यंतच्या अर्ध्या भागाचा कापला तरी पुरे, उलटा करून दुसऱ्या बाजूला तोच वापरता येतो. लाकडी ठोकळ्यांवर बंपर ठेवून हायड्रोलिक प्रेसने थोडं थोडं दाबा आणि दरवेळी साचा लावून बघा. पत्रा परत उसळतो, म्हणून हव्या त्या जागेच्या किंचित पुढे न्यावं लागतं. सडलेली टोकं कापताना ठणठणीत पत्रा लागेपर्यंत मागे जा आणि त्याच जाडीचा तुकडा कडेला कड लावून टिग किंवा सीओटू वेल्डिंगने जोडा. तुकडा वर चढवून जोडला की दोन पत्र्यांमध्ये पाणी अडकतं आणि सडणं पुन्हा सुरू होतं. एका वेळी 20-25 मिलिमीटर वेल्ड, मग दुसऱ्या टोकाला, हात लावता येईल इतकं थंड झाल्यावर परत. एका दमात मारलं तर टोक पिळतं.

मधे हँडल मारून इंजिन सुरू करायचं भोक असेल तर ते बुजवू नका. त्याच्या आणि ग्रिलमागच्या भोकाच्या रेषेतूनच हँडल इंजिनाला पोचतं, त्यामुळे बंपर सरळ बसलाय का हे बघायला हा फुकटचा गुण्या आहे.

आता क्रोम की रंग. या गाड्यांवर क्रोमचा बंपर सगळ्यांना नसायचा, साध्या कामाच्या गाड्या रंगवलेल्या बंपरवरच निघत. कोरियाच्या युद्धात निकेल-क्रोमवर अमेरिकेत बंधनं आल्यामुळे 1952-53 च्या गाड्यांवर तर क्रोमच्या जागी सर्रास रंग आला. तुमच्या बंपरवर काय होतं ते मळीत घालण्याआधी बघून घ्या: मागच्या बाजूला, ब्रॅकेटखाली झाकलेल्या जागी पाणकागदाने एकेक थर घासा. खाली चंदेरी किंवा पिवळसर निकेलचा थर लागला तर क्रोम होता. थेट पत्रा किंवा प्रायमर लागला तर रंग होता. खड्डे पडलेल्या आणि तुकडे जोडलेल्या बंपरला क्रोम करणं हे सगळ्यात खर्चिक आणि सगळ्यात बेभरवशाचं काम आहे. रंग मात्र या दुरुस्त्या सहज झाकतो, आणि ओरखडा गेला तर घरच्या अंगणात नीट करता येतो.

रंगासाठी ग्रिट ब्लास्टिंग (दाबाने कणांचा मारा करून पत्रा साफ करणं) करा, नदीच्या वाळूने नको. वाळूची धूळ फुप्फुसात बसते. ब्लास्टिंग झाल्यावर कोरड्या दिवशी चार तासांत, पावसाळी हवेत त्याहूनही लवकर इपॉक्सी प्रायमर चढला पाहिजे. दोन हात, वाळल्यावर 60 ते 75 मायक्रॉन. वर टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग, साधारण 50 मायक्रॉन. कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत पावडर कोटिंगही होतं, पण ते 180 ते 200 अंशांच्या भट्टीत जातं आणि नेहमीची पुट्टी त्या उष्णतेत फुगते. पुट्टी लावली असेल तर पावडर कोटिंग नको. आतल्या बाजूला जस्ताचा प्रायमर आणि काळा रंग द्या. चिखल तिथेच साचतो.

तरीही क्रोमच हवा असेल तर प्लेटिंगवाल्याला पहिला प्रश्न विचारा: टाकी किती लांब आहे? सहा फुटी बंपरला आत किमान सव्वादोन मीटरची टाकी लागते. दुचाकीचे भाग करणाऱ्यांकडे लहान टाक्या असतात. ते बंपर अर्धा-अर्धा बुडवतात आणि मधे जोडाची रेघ कायम दिसते. दुसरा प्रश्न: निकेल किती देणार? वरचा क्रोम मायक्रॉनच्या एक तृतीयांशाइतकाच असतो, गंजापासून वाचवतं ते खालचं निकेल. रस्त्यावरच्या गाडीला तांब्यावर किमान 25-30 मायक्रॉन निकेल हवं, तेही आधी सेमी-ब्राइट आणि वर ब्राइट असं दोन थरांत. भारतीय मानक आयएस 1068 याच प्लेटिंगचं आहे, ते माहीत असलेल्या माणसाकडेच काम द्या. बंपरसोबत त्याच पत्र्याची दहा सेंटिमीटरची पट्टी टाकीत टांगायला सांगा. ती मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि फडकं ओलं राहू द्या. दोन-तीन दिवसांत तांबडे ठिपके आले तर निकेल पातळ आहे किंवा खालचं बफिंग कच्चं आहे. पुट्टीवर प्लेटिंग बसत नाही. खोल खड्डे आधी वेल्डने आणि बारीक खड्डे आम्ल-तांब्याच्या थराने भरून बफ करावे लागतात. क्रोमचा विद्युतप्रवाह खोबणीत नीट पोचत नाही, म्हणून आतली बाजू प्लेटिंगनंतरही रंगवावी लागते.

स्टेनलेसबद्दल. सपाट पत्रा ब्रेक प्रेसवर दुमडता येतो, पण तुमचा बंपर लांबीतही गोल आहे आणि वर-खाली कडाही दुमडलेल्या आहेत. आधी दुमडून मग गोल केला तर कडांना चुण्या पडतात. योग्य पद्धत म्हणजे पुढची पट्टी रोलिंगवर साच्याप्रमाणे गोल करायची, वरच्या-खालच्या कडा लेझरवर त्याच वक्राने कापायच्या आणि जिगवर आवळून टिगने जोडायच्या. मग कोपऱ्याला मूळ गोलवा येईपर्यंत घासायचं. हे मेहनतीचं काम आहे आणि 2 मिलिमीटरच्या खाली करू नये. पत्रा 304 चाच आणा. बाजारात 202 त्याच भावाने गळ्यात मारला जातो. लोहचुंबक दोघांनाही जवळपास चिकटत नाही, त्यामुळे त्या पारखेवर जाऊ नका. गिरणीचं टेस्ट सर्टिफिकेट मागा किंवा व्यापाऱ्याकडचा मँगनीज ओळखणाऱ्या रसायनाचा थेंब समोर टाकायला लावा. एवढं करूनही स्टेनलेसची झाक क्रोमपेक्षा पिवळसर असते. ग्रिल आणि हबकॅप क्रोमचे असतील तर शेजारी हा फरक दिसतो.

परदेशातून मागवणं हा शेवटचा पर्याय. कुरिअरवाले खोक्याचं आकारमान सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजारांनी भागतात आणि तेवढं वजन धरतात. 190 बाय 35 बाय 30 चं खोकं दहा किलोचं असलं तरी 40 किलोंचं बिल होतं. त्यावर लांबीचा अधिभार असतो. सीमाशुल्काचा बंपरचा कोड 8708 10 आहे. पैसे भरण्याआधी तो एजंटला देऊन आजचा एकूण कर लिहून घ्या. मागवायचाच असेल तर क्रोम केलेला नको, कच्चा पत्रा किंवा प्रायमरचा मागवा. भोकं दोन मिलिमीटर सरकलेली असली तर कच्च्या बंपरवर दुरुस्ती करता येते, क्रोमवर नाही. विकणाऱ्याकडून भोकांच्या मध्यांमधली अंतरं, एकूण लांबी आणि वजन आधी मागा आणि स्वतःच्या चासीशी ताडून बघा.

मागचा बंपर या पिकअपला बहुधा जादा वस्तू म्हणूनच मिळायचा, त्यामुळे तो नसणं हे वैगुण्य नाही. तुमचा हौदा गावात बांधलेला असेल तर कॅटलॉगचा मागचा बंपर बसण्याची शक्यता फार कमी. हौदा चढल्यावर फाळका (हौद्याची मागची उघडणारी फळी) पूर्ण खाली सोडा. तो बंपरला लागता कामा नये, साखळ्यांवर आडवा राहिला पाहिजे आणि खाली लोंबकळला तरी मधे 20 मिलिमीटर तरी जागा हवी. स्टेपनी हौद्याखाली असेल तर ती मागे ओढून काढता येते का बघा. नंबर प्लेटला जागा ठेवा. हाय सिक्युरिटी प्लेट 500 बाय 120 किंवा 340 बाय 200 मिलिमीटरची असते आणि तिच्यावर उजेड पडला पाहिजे. घरच्यांना पायरी हवी तर आजकालच्या पिकअपची पायरी या गाडीला लावू नका. फाळक्याखाली बोल्टने बसणारी, काढता येणारी छोटी लोखंडी पायरी करून घ्या. रॅलीला जाताना ती काढून ठेवता येईल.

बसवणी रंगाआधी एकदा पूर्ण करून बघा, पंखे (पुढच्या चाकांवरचे मडगार्ड) आणि ग्रिल जागेवर असताना. बंपर चासीला घट्ट असतो, पंखे आणि केबिन रबरावर हलतात. म्हणून मधे सगळीकडे किमान 12 मिलिमीटर फट राखा, डावी-उजवीकडे सारखी. बोल्ट इंची आहेत. 7/16 निघाला तर तो 11.1 मिलिमीटरचा असतो, एका इंचात 14 आटे. 12 चा मेट्रिक बोल्ट घालायला भोक मोठं करू नका. चौकोनी खांद्याच्या बोल्टचं चौकोनी भोक एकदा गोल झालं की बोल्ट आवळताना जागच्या जागी फिरतो. तीन रेघांच्या 7/16 बोल्टला कोरड्या आट्यांवर साधारण 68 न्यूटन-मीटर, स्टेनलेसची टोपी बसवलेल्या साध्या बोल्टला 40 च्या आसपास. आधी सगळे बोल्ट हाताने लावा, बंपर मध्यात आणा, मग चासीकडचे आणि शेवटी बंपरकडचे आवळा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे पुन्हा तपासा. रंग दबून बोल्ट सैल पडतात.